झिनोव्हियाच्या नावाचा कप

सेराफिमला बोलायची हौस आहे असं त्याच्या गावात कोणी म्हणणार नाही. जन्मभर तेयेनीचा वायरमन. खांबावर चढलेला माणूस बोलणार तरी कुणाशी? खालून बायका विचारायच्या, बाद्या सेराफिम, आमच्याकडे लाइट कधी येणार? आणि हा वरून नुसता हात हलवायचा. तो हात 'आत्ता' म्हणतोय की 'उद्या', ते ज्याचं त्यानं ठरवायचं. बाद्या म्हणजे दादा. केस पिकले, दात गेले, तरी गावात दादाच. त्याची बायको झिनोव्हिया म्हणायची, माझ्या नवऱ्यापेक्षा विजेचा मीटर बरा, निदान टिकटिक तरी करतो.

तर असा हा मुलखाचा मुका माणूस म्हातारपणी रोज सकाळी उठून मोबाइलशी गप्पा मारायला लागला, आणि त्या ऐकायला लोक दर महिन्याला पैसे भरायला लागले. झिनोव्हिया असती तर तिनं पहिला हप्ता मागून घेतला असता. तिनं फुकटात इतकी वर्षं वाट बघितली होती ना.

झिनोव्हिया गेली ती ऐन थंडीत. मुलगी रायसा इटलीहून आली. पादोव्हाला एका म्हाताऱ्या बाईला सांभाळते ती. आली, रडली, आईला माती दिली, आणि चाळिसाव्या दिवसाचं जेवण व्हायच्या आत परत गेली, कारण तिकडची म्हातारी दुसऱ्या कुणाच्या हातून सूपच पिईना. जाताना एक गोष्ट बोलून गेली. अंगणाच्या टोकाला लाकडी संडास, गुडघाभर बर्फ, हातात बॅटरी, परत येऊन पाय झटकता झटकता हसून म्हणाली, "ताता, पुढच्या वेळी आत नळ असेल तरच येईन हं." चेष्टेत म्हणाली बिचारी. पण आयुष्यभर लोकांच्या तक्रारी ऐकून घेतलेला माणूस तो. तक्रार म्हटली की त्याच्या डोक्यात नोंद झालीच.

वसंतात तिचा फोन आला, आईच्या क्रूसाचा रंग उडालाय का ते दाखवा म्हणून. सेराफिमनं व्हिडिओ काढला. अर्ध्या व्हिडिओत त्याचा अंगठा आणि उरलेल्यात कबर. मागं एक कोंबडी आरवल्यासारखं काहीतरी करत होती. गुरुवारी दुपारी पादोव्हाच्या बागेत आपल्याकडच्या बायका सुट्टीच्या बाकावर बसतात, तिथं रायसानं तो दाखवला. बायका त्या अंगठ्यासकट तो व्हिडिओ बघून रडल्या. एकीनं विचारलं, वाटेत आमचं फाटक लागतं, ते दाखवतील का? दुसरी म्हणाली, आमची विहीर. तिसरीला फक्त आपल्या अक्रोडाच्या झाडाला पालवी आली का, एवढंच बघायचं होतं.

तेयेनीत बंद घरं उघड्या घरांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. शाळेला कुलूप, दुकान आठवड्यातून दोनदा गाडीवर येतं. सेराफिमला सगळी घरं आतून माहीत, कारण प्रत्येक घरातला दिवा कधी ना कधी त्यानंच लावलेला. रायसानं तिकडे बसून त्याला चॅनल काढून दिलं. नाव ठेवलं 'फाटक ते फाटक'. काम एवढंच, की सकाळी निघायचं, एकेका फाटकापुढं उभं राहायचं आणि दिसेल ते सांगायचं. हे इलारियोनचं घर, पन्हळ लटकलीय. हे डोम्निकाचं, मांजरानं पिल्लं घातलीत, पाच आहेत, एक लंगडं. इतकं साधं. पण आयर्लंडला, पोर्तुगालला, इटलीला माणसं कामावर निघता निघता ते कानाला लावून बसायला लागली. मग रायसानंच सुचवलं, मेंबरशिप ठेवा. तीन पायऱ्या केल्या. पहिली 'शेजारी', ती स्वस्त. मधली 'सोयरे'. आणि वरची 'घरचे'. त्यांच्यासाठी सेराफिम महिन्यातून एकदा खास त्यांच्या अंगणात जाणार, त्यांची विहीर, त्यांची झाडं, त्यांच्या माणसांच्या कबरी दाखवणार.

समोरच्या घरातली अकुलिना हे ऐकून फाटकाला टेकून हसत सुटली. अकुलिनाची जीभ म्हणजे भाजी चिरायची सुरी, रोज धार लावलेली. म्हणाली, "पैसे देऊन शेजारी? मी इतकी वर्षं फुकटची शेजारीण आहे, मला कधी एवढ्या गोडीनं सुप्रभात म्हणालास?"

सेराफिमनं हात हलवला.

पहिल्या महिन्याचे पैसे आले ते त्याला समजले. दुसऱ्या महिन्यात पुन्हा आले तेव्हा हा घाबरला. सोरोकाला बँकेत जाऊन तिथल्या मुलीला सांगायला लागला, की बाई, गेल्या महिन्यात दिले होते त्यांनी, चुकून परत दिलेत, काढून घ्या. मुलीनं समजावलं, की हे असंच असतं, जोवर ते थांबवत नाहीत तोवर येतच राहणार. पेन्शन येते ती रडत येते, हे त्याला ठाऊक होतं. पण न मागता, दार न ठोठावता, महिन्याच्या महिन्याला कोणी आपल्याला पैसे पाठवतं हे त्याच्या मनाला पटेचना. पुन्हा पैसे घेतले तर पुन्हा काम नको का करायला? म्हणून हा नुसतं फाटक दाखवून थांबेना. कडीला तेल घालायला लागला. विहिरीतला पाला काढायला लागला. इलारियोनची पन्हळ त्यानं खिळे मारून बसवली, तो व्हिडिओ तर लोकांनी परतपरत बघितला. सगळ्या गावाच्या बंद घरांचा हा एकटा रखवालदार होऊन बसला, आणि अकुलिना म्हणायची, सगळ्यांचा जावई झालास रे, फक्त सासुरवाडीत जेवायला कोणी बोलावत नाही.

ते मात्र खरं होतं. दिवसभर मोबाइलवर पत्त्यांतल्यासारखे लाल बदामच बदाम. बाद्या तुम्ही जपून राहा, बाद्या टोपी घाला, बाद्या तुमच्या हातचं सरबत प्यायला येणार आहे मी एकदा. संध्याकाळी हा घरी येऊन एक बशी, एक काटा काढायचा, मक्याच्या पिठाची मामालिगा ढवळायचा, आणि कढई दोन माणसांची असल्यामुळं ती नेहमी जास्तच व्हायची. उरलेली सकाळी कोंबड्यांना. कोंबड्या काही मेंबर नव्हत्या, पण वेळेवर यायच्या.

आता रायसाचं ऐका. दर रविवारी तिचा फोन यायचा. काय जेवलात, पाय कसा आहे, अकुलिनाशी भांडलात का. चॅनल चालायला लागल्यावर तीही मेंबर झाली, आणि झाली ती वरच्या पायरीवर, 'घरचे'. बापाला मदत म्हणून, चांगल्या मनानं. पण बघा, घरच्याच पोरीनं घरचं होण्यासाठी दरमहा पैसे भरायचे. अकुलिनाला हे कळलं तेव्हा तीसुद्धा काही बोलली नाही, म्हणजे समजा. मग रविवारचे फोन मागंपुढं व्हायला लागले. एकदा म्हणाली, "ताता, रोज तर बघते तुम्हाला. आज सकाळी पण बघितलं, तुम्ही खोकत होता." खोकला बघितला, पण खोकल्याबद्दल विचारायला फोन करायचा राहिला. हळूहळू फोन बंदच झाला. त्याऐवजी रोज व्हिडिओखाली एक बदाम यायचा. सेराफिम तो बदाम शोधायचा. इतक्या बदामांत तो ओळखायचा, कारण त्याच्या शेजारी रायसाचा झिनोव्हियाबरोबरचा फोटो असायचा, नखाएवढा.

आणि या सगळ्या महिन्यांच्या पैशाचं तो करत काय होता? न्हाणीघर. घराच्या आत. झिनोव्हियाचं लोणच्यांचं कोठार होतं ना, तिथं त्यानं नळ आणला, टाइल्स लावल्या, त्या जरा वाकड्या लागल्या, कारण विजेच्या माणसानं पाण्याचं काम केलं की असंच होणार. टब बसवला. संडासाचं भांडं बसवलं. राहिला होता फक्त गिझर. रायसानं हिवाळ्यात कबूल केलं होतं, की यंदा पितरांच्या ईस्टरला नक्की येते.

पितरांचा ईस्टर म्हणजे ईस्टरनंतर आठवड्यानं येणारा सोमवार. त्या दिवशी आपल्याकडे जिथं असेल तिथून माणूस गावी येतो. वर्षभर ओस पडलेल्या गावात त्या आठवड्यात गाड्या उभ्या करायला जागा नसते. इटलीहून, आयर्लंडहून छोट्या बस भरून येतात. सगळे स्मशानात जातात, कबरीवर टॉवेल अंथरून तिथंच जेवण मांडतात, लाल अंडी, वाइन, कोबीच्या पानात भात-खिमा गुंडाळलेले सारमाले. आणि मग मेलेल्याच्या नावानं दान द्यायचं. एक कप किंवा बशी, त्यावर वेणी घातलेला पाव, पेटलेली मेणबत्ती, टॉवेल. ते हातातून हातात द्यायचं. ठेवून यायचं नाही, कबरीवर सोडायचं नाही. घेणारा 'बोगदाप्रोस्ते' म्हणतो, म्हणजे देव त्याला क्षमा करो, आणि घेणाऱ्यानं असं म्हटलं की मगच ते पलीकडं पोचतं. स्वतःच्या माणसाच्या नावाचं स्वतः घ्यायचं नाही. ते दुसऱ्याच्याच हातात गेलं पाहिजे.

ईस्टरआधीचा लेंटचा उपास सुरू झाल्यावर आयर्लंडहून गालिनाचा निरोप आला. वायरमनकीच्या दिवसांत सेराफिम तिच्या बापाच्या घरी किती वेळा जेवला असेल. म्हणाली, बाद्या, यंदा सुट्टी नाही, आमच्या कबरीवर तुम्हीच मांडाल का? आम्ही बघू तिकडून. सेराफिमच्या डोक्यात गिझर. एक कबर काय आणि चार काय. त्यानं कॅमेऱ्यासमोर उभं राहून सांगून टाकलं, की जे 'घरचे' आहेत त्यांच्या कबरीवर मी मांडीन, दान देईन आणि लाइव्ह दाखवीन.

दोन दिवसांत 'शेजारी' आणि 'सोयरे' धडाधड 'घरचे' व्हायला लागले. कधी गावी न फिरकलेलेसुद्धा झाले. सेराफिम खूश. गिझर आला. भिंतीवर चढला.

आणि मग अकुलिना एका सकाळी फाटकाला टेकून म्हणाली, की बसवाल्याचा फोन आला होता, यंदा पादोव्हाची बस निघतच नाही. जागाच भरल्या नाहीत. लोक म्हणतायत, बाद्या सेराफिम करतोय ना सगळं, मग एवढा खर्च कशाला. "बघ," ती म्हणाली, "लहानपणी आपण अंड्याची टरफलं ओढ्यात सोडायचो, पलीकडच्या पितरांना कळावं म्हणून की ईस्टर आला. तू ह्यांना टरफलं पाठवतोस रोज. ते पण बघतात तिकडून. पितरांसारखेच. येत कोणी नाही."

सेराफिमनं हात हलवला नाही. तो आत गेला आणि स्टुलावर चढून गिझरची वायर जोडायला लागला. रायसा बसनं नाही, विमानानं येणार होती, तिचं वेगळं, असं तो स्वतःशी म्हणत होता. तेवढ्यात मोबाइल वाजला. फोन नव्हता. मेंबर लोक आपली मागणी लिहितात त्या जागी एक ओळ आली होती, रायसाची.

"ताता, यंदा जमत नाही. इथल्या आजीचं खुब्याचं हाड मोडलंय, सोडून येता येत नाही. तुम्ही सगळ्यांच्या कबरींवर मांडताच आहात, त्यातच आईचंही मांडा. मी 'घरचे'मध्ये आहेच."

शेवटचं वाक्य त्यानं दोनदा वाचलं. स्टुलावरून उतरला, टबाच्या कडेला बसला. टब नवा होता, त्यात अजून कोणी उतरलं नव्हतं. तिच्यावर रागवायला जागा नव्हती. म्हातारीचं हाड मोडलं ही खरीच गोष्ट होती. आणि मागणी तिनं सगळ्यांसारखीच, सगळ्यांच्या रांगेत, रीतसर लिहिली होती. रांगेतल्या माणसाला तो रांगेतच उत्तर द्यायचा, 'होईल, काळजी नसावी', तसंच त्यानं तिलाही लिहिलं. मग पुन्हा स्टुलावर चढला आणि वायर पूर्ण जोडली, कारण अर्धी वायर उघडी ठेवून वायरमन उठत नाही, काही झालं तरी.

पुढचे दिवस कामात गेले. कबरींवरचं गवत काढणं, क्रूस निळ्या रंगानं रंगवणं. अकुलिना आणि पलीकडच्या गल्लीतली पारास्कोव्हिया, दोघी पाव भाजायला बसल्या. पारास्कोव्हिया अर्धी बहिरी, त्यामुळं अकुलिनाच्या तावडीत सापडूनही सुखी. सोरोकाच्या बाजारात सेराफिमनं खोकी भरून कप घेतले तर कपवाला विचारतो, बाबा, हॉटेल काढताय का? सगळे सारखे, पांढरे, एका बाजूला ठिपक्यांची कोंबडी. फक्त एक कप त्यानं वेगळा घेतला, निळ्या फुलांचा, पातळ काठाचा. झिनोव्हियाला जाड काठाचा कप चालायचा नाही, म्हणायची, ओठांना वीट लागते.

सोमवारी ऊन चांगलं पडलं. सेराफिमनं मोबाइल एका काठीला इन्सुलेशनच्या टेपनं बांधला आणि काठी खांद्यावर घेतली. स्मशानात टेबलं, टॉवेल, अंडी, पाव, वाइनच्या बाटल्या, कबरींच्या रांगांवर रांगा मांडलेल्या. इतकं सुंदर स्मशान तेयेनीनं कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. आणि माणसं? सेराफिम, अकुलिना, पारास्कोव्हिया आणि गुरं वळणारा तुदोस, तो पण वाइनच्या आशेनं. ऐन जेवणाच्या पंगतीला पाहुणेच नाहीत, अशी तऱ्हा. पाद्री आले, तीन गावं त्यांच्या गळ्यात, घाईघाईनं रांगांतून मंत्र म्हणत फिरले, 'ख्रिस्त उठला' म्हणाले, आणि मोबाइलवर लोक रडायला लागले. तुम्ही नाही समजणार, पण त्या बारक्या काचेवर बदाम असे वर जात होते की जणू कढीला उकळी आलीय.

मग दानाची वेळ आली. सेराफिमनं गालिनाच्या बापाच्या नावाचा कप उचलला, पाव वर, मेणबत्ती पेटवलेली, आणि हात पुढं केला.

हात पुढं केला आणि तसाच राहिला.

बघा, जन्मभर हा या दिवशी स्मशानात आला, पण दान कुणाला द्यायचं हा विचार कधी करावाच लागला नव्हता. एरवी त्या दिवशी इतकी गर्दी असते की कोपर हलवलं तरी कुणाच्या तरी हातात कप जातो. यानं पाव मोजून केले, कप मोजून आणले, कबरी पुसल्या, सगळं केलं. घेणारे हात आणायचे राहून गेले. अकुलिना पुढं झाली, तिनं घेतला, बोगदाप्रोस्ते म्हणाली. दुसरा पारास्कोव्हियानं घेतला. तिसरा तुदोसनं, आणि मेणबत्ती विझवून पाव लगेच खाल्ला. मग पुन्हा अकुलिना. पुन्हा पारास्कोव्हिया. पाद्र्यांनी दोन घेतले आणि गाडीकडं बोट दाखवून म्हणाले, की सेराफिम, वरच्या दोन्ही गावांत हीच कथा, माझी डिकी बघ, वळणावर किणकिणते. आणि गेले.

मोबाइलवर मेंबर लोक एकमेकांच्या मेलेल्यांसाठी लिहायला लागले, बोगदाप्रोस्ते, बोगदाप्रोस्ते. सेराफिमनं अकुलिनाला विचारलं, हे चालेल का? अकुलिना म्हणाली, "त्या यंत्राला हात आहेत का? मग?"

तिच्या पदरात, म्हणजे एप्रनमध्ये, कपांवर कप साचले. टॉवेल खांद्यावर. शेवटी ती आपल्या नवऱ्याच्या कबरीच्या कठड्यावर बसली आणि म्हणाली, "आता बास. मी मेल्यावर माझ्या नावानं तू काय देणार, हेच कप परत? मरेपर्यंत दुसऱ्यांच्या मेलेल्यांच्या कपातून चहा पीत बसू का मी?" पारास्कोव्हियाला काही ऐकू आलं नाही, पण तीही शेजारी बसली. तुदोस झोपला होता.

उरलेले कप तसेच राहिले. मेणबत्त्या वितळून पावांवर ओघळल्या. काठी खांद्यावर घेऊन सेराफिम झिनोव्हियाच्या कबरीकडं गेला. ती त्यानं शेवटी ठेवली होती. निळ्या फुलांचा कप. तेवढ्यात काचेवर तो नखाएवढा फोटो आला, आणि खाली रायसाचं, "ताता, जरा आईकडं वळवा ना."

त्यानं वळवला. मग कप उचलला, मेणबत्ती पेटवली. अकुलिना मागून उठली. बास म्हणाली होती तरी उठली. झिनोव्हियाचं म्हणजे तिच्या जिवाभावाचं होतं, तिनं एप्रनमधले कप बाजूला सारून हात पुढं केला.

सेराफिमनं दिला नाही. तो मोबाइलकडं वळला.

"रायसा," तो म्हणाला, "बाकीच्यांचं मी केलं. जोडून दिलं. पण मी वायर आहे गं बाळा, मी तुझा हात नाही. आईच्या नावाचं तू दे. येशील तेव्हा दे. हा कप मी कुणाला देत नाही."

आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली आणि मोबाइल बंद केला. सगळे मेंबर बघत होते, आणि त्यांच्यासमोर घरचं भांडण काढावं तसं झालं हे. अकुलिनाचा हात हवेतच राहिला होता. तिनं तो खाली घेतला, टॉवेल झटकला आणि म्हणाली, चल, सारमाले गार झाले.

त्यानंतर बरंच काही झालं. काही मेंबर रागावले, की आम्ही 'घरचे'चे पैसे भरले होते, आमच्या बापाचा कप तसाच कबरीवर पडलेला दिसला. ते गेले. काहींनी माफी मागितली, का कुणास ठाऊक, आणि तेही गेले. गालिना राहिली. सेराफिमनं एक व्हिडिओ काढून सांगितलं, की फाटकं, विहिरी, झाडं, मांजरं, सगळं दाखवीन; कबरींवर मांडणार नाही, ते ज्याचं त्यानं येऊन मांडावं. महिन्याचे पैसे जरा रोडावले. पण येत राहिले, आणि हा अजूनही प्रत्येक महिन्याला घाबरतो आणि कुणाच्या तरी फाटकाला जास्तीचं तेल घालतो.

रायसाकडून काहीच आलं नाही. बदामसुद्धा नाही. रोज सकाळी हा व्हिडिओ टाकायचा आणि नखाएवढा फोटो शोधायचा. चेरी पिकल्या, त्यानं झाडाखाली उभं राहून दाखवल्या, कोणी उतरवणार नव्हतं. आणि मग एके दिवशी मेंबरांत तिचं नावच दिसेना. 'घरचे'मधून रायसा गेली. त्यानं चष्मा पुसून पुन्हा बघितलं. अकुलिनाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी त्यानं फाटकांची फेरी अर्ध्यात सोडली, त्यावरून तिला कळलंच. ती संध्याकाळी वाटीभर चेरीचा मुरंबा देऊन गेली. कोंबडीच्या ठिपक्यांच्या कपात.

रविवारी दुपारी फोन वाजला. खरा फोन. सेराफिमचे हात साबणाचे होते, त्यानं कोपरानं उचलला.

"ताता, जेवलात का?" रायसा म्हणाली.

तो म्हणाला, हो. जेवला नव्हता.

"मेंबरशिप बंद केली मी. दिसतच नाही तुम्ही आता, मग फोन नको का करायला." पलीकडं म्हातारीचं काहीतरी इटालियनमध्ये चाललं होतं. "तो कप... दिला का कुणाला?"

नाही म्हणाला.

"नका देऊ."

एवढंच बोलली त्याबद्दल. मग ते मांजराच्या लंगड्या पिल्लाबद्दल बोलले, अकुलिनाच्या मुरंब्याबद्दल बोलले, आणि तिनं खोकल्याचं विचारलं. गिझरबद्दल सेराफिम बोलणार होता, पण म्हातारी हाका मारायला लागली आणि राहिलं. येते म्हणाली नाही. कधी येणार तेही नाही.

तेव्हापासून रविवारी फोन येतो. कधी दोन रविवार चुकतात, मग तिसऱ्याला येतो. बाकीचे दिवस सेराफिम फाटकाफाटकानं हिंडतो, काठीवर मोबाइल बांधलेला, आणि बंद घरांतल्या लोकांना त्यांचीच घरं दाखवतो. संध्याकाळी घरी येतो. न्हाणीघरात गिझर लावतो, आठवड्यातून एकदा, यंत्र पडून राहिलं तर बिघडतं म्हणून. पाणी तापतं, तो हात घालून बघतो आणि सोडून देतो. स्वतः तो अंगणाच्या टोकालाच जातो. न्हाणीघर पाहुण्याचं आहे.

निळ्या फुलांचा कप खिडकीत आहे, पालथा, धूळ जाऊ नये म्हणून. परवा अकुलिना चहाला आली, नेहमीप्रमाणं न बोलावता, आणि तिनं हाताला लागला म्हणून तो उचलला. सेराफिमनं तिच्या हातातून काढून घेतला आणि परत पालथा ठेवला.

"राहू दे बाबा," अकुलिना म्हणाली, "माझ्याकडे कपाट भरून आहेत, तुझ्या एकाला कोण विचारतंय." आणि चहा तिनं बशीतून प्यायला, जरा मोठ्यानंच.